खान्देशातल्या सरपंच आणि पोलीस पाटलांना खुलं पत्र: वसुलीचे नियम गावाच्या भिंतीवर लिहा

सन्माननीय सरपंच ताई-दादा, पोलीस पाटील भाऊ आणि तंटामुक्तीचे अध्यक्ष, सगळ्यांना नमस्कार.

मी पारोळा तालुक्यात उमेदची, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानाची, सीआरपी (गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती) म्हणून काम करते. गावोगावी बायांच्या मिटिंगा घ्यायच्या, गटाची पुस्तकं लिहायची, बँकेत फाईल घेऊन जायचं, हे माझं रोजचं काम. हे पत्र कलेक्टर साहेबांना लिहिता आलं असतं, आमदारांना लिहिता आलं असतं, पण मुद्दाम तुम्हाला लिहितेय कारण वसुलीवाला संध्याकाळी ज्या ओट्यावर येऊन बसतो तो ओटा तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. रिझर्व्ह बँकेने मुंबईत बसून नियम चांगले केलेत पण ते त्या ओट्यापर्यंत पोचलेच नाहीत, आणि ते पोचवणं तुमच्या हातात आहे.

मागणी आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसेल तरी चालेल. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या की कर्जवसुलीचे नियम ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवायचे, आणि नियम मोडून कोणी कुणाच्या दारात बसला तर सरपंच किंवा पोलीस पाटलांनी स्वतः तिथे जाऊन त्याला ओळखपत्र विचारायचं.

गावात काय चाललंय ते तुम्हाला दिसतंच, तरी लिहिते. कंपन्यांचं गटाचं कर्ज घरोघरी आहे. पाच-दहा बाया एकत्र बसवतात, आधार कार्ड घेतात, सह्या घेतात, पैसे खात्यावर, आणि मग दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला हप्ता. आता आपल्याकडे कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या आगेमागे. जुलै-ऑगस्टमध्ये निंदणी-खुरपणी चालू असते, घरातला पैसा बियाण्याला खताला गेलेला असतो, मजुरी हातात येते ती बाजारच्या दिवशी. हप्त्याचा वार मात्र कंपनीने ठरवलेला. मग बाई म्हणते, भाऊ, आज नई शेत, बुधवारले देसू (आज पैसे नाहीत, बुधवारी देईन). आणि तो म्हणतो मी इथेच बसतो, पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही. दिवेलागण होते, गल्लीतली माणसं बघायला लागतात, सासरा उठून बाहेर निघून जातो, पोरं गप्प होतात, चूल पेटत नाही. शेवटी ती शेजारणीकडून उसने आणते, किंवा कानातलं सोनाराकडे ठेवते, किंवा दुसऱ्या कंपनीचं कर्ज उचलून पहिल्याचा हप्ता भरते. हे तिसरं जे आहे ना, ते सगळ्यात वाईट, कारण तिथून पुढे घर सुटतच नाही.

आणि हे सगळं बाईच्या नावावर असतं हेही लक्षात घ्या. पैसे बोअरला गेले, मोटरसायकलला गेले, दीराच्या लग्नाला गेले, सही तिची. वसुलीवाला आला की घरातली माणसं शेतात निघून जातात आणि बोलणी खायला ती एकटी दारात.

आता नियम काय म्हणतो ते बघा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये मायक्रोफायनान्स कर्जाचे नियम काढले, १ एप्रिल २०२२ पासून लागू. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे अशा घराला काही तारण न घेता दिलेलं कर्ज यात येतं, मग ते बँकेने देवो की फायनान्स कंपनीने. म्हणजे आपल्या गावातली गटाची कर्जं जवळपास सगळी आलीच. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही. सारखे सारखे फोन करून भंडावून सोडायचं नाही. शिवीगाळ नाही, धमकी नाही, मारहाण तर नाहीच. नातेवाईक, मैत्रिणी, सोबत काम करणारे यांना त्रास द्यायचा नाही. थकबाकीदाराचं नाव कुठे जाहीर करायचं नाही. कर्ज किती आहे आणि नाही भरलं तर काय होईल याबद्दल खोटं सांगायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी मिटिंगमध्ये सांगते तेव्हा बायांचा विश्वासच बसत नाही. वसुली कुठे करायची ती जागा दोघांनी मिळून ठरवायची असते. त्या ठरलेल्या जागी बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही तरच कंपनीचा माणूस तिच्या घरी किंवा कामाच्या जागी जाऊ शकतो. एक हप्ता चुकला म्हणून त्याच संध्याकाळी दारात येऊन बसायला त्याला परवानगीच नाही! वेचणी चालू असताना बांधावर येऊन सगळ्या मजुरांसमोर नाव घेऊन ओरडायचं तर प्रश्नच येत नाही.

मोटरसायकल, ट्रॅक्टर, पर्सनल लोन अशी बाकीची कर्जं असतात त्यांच्यासाठी १२ ऑगस्ट २०२२ ला वेगळं परिपत्रक निघालं, तिथे वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७. बाकी तेच, चारचौघात अपमान करायचा नाही, घरच्यांच्या, मित्रांच्या, ओळखीसाठी संदर्भ म्हणून नाव दिलेल्यांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही, मोबाईलवर घाणेरडे मेसेज नाहीत, निनावी धमकीचे फोन नाहीत. वसुलीचा माणूस बाहेरच्या एजन्सीचा असला तरी जबाबदारी कंपनीचीच. "तो आमचा माणूस नाही, एजन्सीवाला आहे" असं शाखेत सांगतात ते चालत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुली माहेरी येतात तेव्हाची गोष्ट सांगते. एका गावात लेक माहेरी आलेली, झोका बांधलेला, आणि वसुलीवाले सासरच्या गावाहून तिच्या माहेरी पोचले, तिच्या आईसमोर, भावजयीसमोर हप्ता मागायला. पैसे तिने तिच्या सासरी घेतलेले, माहेरच्या माणसांची एक सही नाही. ती मुलगी सण सोडून दुसऱ्या दिवशी परत गेली. नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही हा नियम यासाठीच आहे, पण त्या गावात एकालाही तो माहीत नव्हता, मग कोण बोलणार. घरात मयत झालेली असताना दारात जाऊ नये हे सुद्धा बँकांनी स्वतःच्या वसुलीच्या आचारसंहितेत लिहून ठेवलंय, आणि दहाव्याच्या आत हप्ता मागायला आलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. उलट अशा वेळी कर्ज कार्ड काढून आधी हे बघायचं की कर्ज देताना विम्याचे पैसे कापले होते का. गटाच्या कर्जात बऱ्याचदा कापलेले असतात, आणि विमा असेल तर क्लेम करायचा असतो, पण हे त्या घरात कोणी सांगत नाही.

जास्त भीती कशाची आहे माहितीय का, "पोलीस येतील, घर सील करतील, भांडी उचलून नेतील, मंगळसूत्र काढून द्यावं लागेल" याची. हे वाक्य बोलून पैसे काढतात. तर स्पष्ट सांगा लोकांना, हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला तर त्याची केस होऊ शकते ते वेगळं, खोटे कागद देऊन कर्ज काढलं असेल तर तेही वेगळं. पण पाऊस गेला, कापूस लाल्या रोगाने गेला, रावेर-यावलकडे वादळात केळी आडवी झाली म्हणून हप्ता राहिला तर त्यात कसली अटक? घरातली वस्तू जप्त करायला आधी कोर्टाचा हुकूम लागतो. आणि कोर्टाने हुकूम दिला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये लिहिलंय की अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी गुरं, बियाणं, तेही नाही. म्हणजे जे कोर्टाला नेता येत नाही ते मंगळसूत्र मोटरसायकलवरून आलेला पोरगा मागतोय आणि आपण बघत बसतो, याचा मला फार राग येतो.

वाहन ओढून नेण्याचंही तसंच. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच प्रकाश कौर प्रकरणात सांगितलंय की गुंड पाठवून गाडी उचलायची नाही, वसुली कायदेशीर मार्गानेच करायची. झारखंडमध्ये हजारीबागला सप्टेंबर २०२२ मध्ये वसुलीवाले ट्रॅक्टर ओढून नेत असताना त्याच ट्रॅक्टरखाली शेतकऱ्याची गर्भवती मुलगी चिरडून मेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करायला काही महिने बंदी घातली. म्हणजे वर हालचाल होते, पण कोणीतरी मेल्यावर. आपल्याकडे त्याच्या आधी व्हायला पाहिजे.

पोलीस पाटील भाऊ, आता खास तुमच्यासाठी. बाई घाबरत घाबरत ठाण्यात जाते आणि तिथे ऐकून येते की पैसे घेतलेत ना, मग भरा. भरायचेच आहेत, त्याबद्दल वाद नाहीये. पण धमकी देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये गुन्हा आहे, परवानगीशिवाय घरात घुसणं ३२९ मध्ये, आणि एका बाईचा हप्ता येत नाही तोपर्यंत गटातल्या बाकीच्या बायांना सेंटर मिटिंगमध्ये (हप्ते गोळा करायच्या बैठकीत) बसवून ठेवणं, दार लावून घेणं, उठू न देणं हे १२६ आणि १२७ मध्ये बसतं. तुम्ही तिच्यासोबत ठाण्यात गेलात, तुमच्या अक्षरात तारीख-वेळ-नाव लिहिलेला अर्ज दिलात, तर तिला परत पाठवणं सोपं राहत नाही. रात्रीची वेळ असेल आणि माणूस उठतच नसेल तर ११२ लावा.

आणि त्या माणसाला ओळखपत्र विचारायचं म्हणजे भांडायचं नाही. शांतपणे विचारायचं, भाऊ कुठली कंपनी, कुठली शाखा, कंपनीचं पत्र आहे का, किती वाजलेत. ते सगळं लिहून घ्यायचं. बहुतेक वेळा एवढ्यानेच तो उठतो. ही पोरं पण आपलीच आहेत हो, साक्रीची, चाळीसगावची, मालेगावकडची, बारावी नाहीतर बीए झालेली, वरून मॅनेजर फोनवर फोन करतो, वसुली नाही झाली तर पगारातून कापू म्हणतो. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. भिंतीवर वेळ लिहिलेली असेल तर त्या पोरालाही मॅनेजरला सांगता येईल की साहेब, या गावात सहा नंतर बसू देत नाहीत.

एक गोष्ट कंपन्यांबद्दलही बोलली पाहिजे. नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नये, आणि हे कर्ज देण्याआधी कंपनीने बघायचं असतं. घरात महिन्याला १२ हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून ६ हजार. आता तुमच्या गावातली अशी किती घरं आहेत जिथे चार कंपन्यांची चार कार्डं पत्र्याच्या पेटीत आहेत? उत्पन्न फुगवून कोणी लिहिलं, फॉर्म कोणी भरला? बाईने नाही, ती तर अंगठा नाहीतर सही करून मोकळी झाली. देताना नियम कंपनीने मोडला आणि घेताना पण कंपनीच मोडते, आणि शरमेने मान खाली घालते ती बाई. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर कार्ड वाचताच येत नाही, घरात भिली नाहीतर पावरी बोलतात आणि कागद इंग्रजीत. कर्ज कार्ड घेणाऱ्याला समजेल त्या भाषेत पाहिजे, व्याज किती, हप्ते किती, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर त्यावर पाहिजे, हाही नियमच. ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेल्या माणसाच्या म्हाताऱ्या आईला गाठून कागद दाखवतात, तिने काय वाचायचं?

तक्रार कशी करायची तेही सांगते, कारण लोक इथेच अडकतात. शाखेत तोंडी सांगून काही होत नाही. साध्या कागदावर लिहायचं, कोण आला, किती वाजता, काय बोलला, फोन असेल तर रेकॉर्डिंग जपून ठेवायचं, आणि अर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यायची. पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलायचं नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर ऑनलाईन, काही समजलं नाही तर १४४४८ वर फोन करून विचारायचं. फी काही नाही, वकील लागत नाही. वकील लागलाच, म्हणजे कोर्टाची नोटीस आली, तर तालुका विधी सेवा समितीत जायचं, बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा नंबर १५१००. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटर दादांना सांगा की लोकपालाची तक्रार आपल्या सेवा केंद्रातून भरून द्या, पीक विमा भरतो तसंच आहे ते.

पोरांनी मोबाईलवर ॲपवरून घेतलेल्या कर्जाचं वेगळंच आहे. त्या ॲपला फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लिस्ट बघायची परवानगीच नाही रिझर्व्ह बँकेच्या नियमात. फोटो खराब करून नातेवाइकांना पाठवतात ते सरळ गुन्हेगार, तिथे १९३० वर सायबर तक्रार करायची, घाबरून अजून पैसे पाठवायचे नाहीत. असल्या त्रासाने तरुण पोरं जिवाचं बरंवाईट करून घेतात, म्हणून घरच्यांना सांगा की पोराला ओरडण्याआधी त्याच्याजवळ बसा.

लायसन नसलेल्या सावकाराला तर हे कुठलेच नियम लावत बसायची गरज नाही, बिगरलायसन सावकारी हाच महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१४ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे. गावात असे कोण आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आणि एक विनंती. ग्रामसभेत कोणी उठून म्हणेल की हप्ते भरूच नका, सगळं माफ होणार आहे, तर त्याला तिथेच थांबवा. पैसे घेऊन "कर्जमाफीचं प्रमाणपत्र" देणारे लोक फिरतात, त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये सावध केलंय. हप्ता सोडला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं, पुढे बँक दारात उभं करत नाही, आणि आमच्या उमेदच्या गटांना बँकेचं स्वस्त कर्ज मिळायचं ते सुद्धा अडतं. बाया पैसे बुडवायला बघत नाहीत, मी रोज त्यांच्यात असते, मला माहीत आहे. त्यांना बाजारच्या दिवसापर्यंत थांबणारा आणि नीट बोलणारा माणूस पाहिजे.

भिंतीवर काय लिहायचं ते देते, तुमच्या गावाप्रमाणे बदला:

"गटाच्या कर्जाची वसुली सकाळी ९ ते संध्याकाळी ६. इतर कर्जाची सकाळी ८ ते संध्याकाळी ७. गटाच्या हप्त्यासाठी लागोपाठ दोनदा ठरलेल्या जागी न आल्याशिवाय घरी यायचं नाही. ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवा. शिवी, धमकी, नातेवाइकांना त्रास, भांडी-दागिने मागणं बंद. त्रास झाला तर पोलीस पाटील, ११२. कंपनीने ३० दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँक १४४४८. मोफत वकील १५१००."

खाली पोलीस पाटलांचा मोबाईल नंबर टाका. ठरावाची एक एक प्रत तालुक्याच्या ठाण्यात आणि गावात येणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या शाखेत पाठवा, पोच घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे हा मजकूर आधी वाचून दाखवा, अहिराणीत, तिकडे डोंगरात भिली-पावरीत, आणि वाचायला गटातल्याच एखाद्या बाईला उभं करा. आमच्या सीआरपी तुमच्या गावात येतातच, त्यांना बोलवा, त्या मदत करतील.

आपली,
बचत गटाची एक सीआरपी ताई
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव